नव्या तंत्रज्ञानावरील धार्मिक आक्षेप कसा तपासावा

एखादे नवे तंत्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून माणसाच्या शरीराला, कुटुंबाला किंवा मरणाला हात घालू लागले की कोणीतरी धर्माच्या नावाने हरकत घेतो आणि ऐकणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एका तटाला ती हरकत म्हणजे अडाणीपणा वाटतो, दुसऱ्याला ती न मानणे हा उद्दामपणा वाटतो, आणि हरकत नेमकी कशावर आहे हे विचारायचे दोघांकडूनही राहून जाते. जनुकसंपादन, कृत्रिम बुद्धिमत्ता, मेंदूला जोडलेली यंत्रे आणि आयुष्य लांबवण्याचे प्रयत्न यांमुळे असे प्रसंग वाढत जाणार आहेत. रुग्णालयाच्या नीतिसमितीवर काम करणारे, वर्गात विज्ञान शिकवणारे, एखाद्या धोरणाच्या मसुद्यावर मत देणारे किंवा स्वतःच्या घरातील निर्णयापुढे थबकलेले, अशा कोणालाही वापरता यावी म्हणून तपासणीची एक रीत येथे मांडली आहे. ती वापरण्यासाठी श्रद्धाळू असावे लागत नाही आणि नास्तिकही असावे लागत नाही. चिकाटी मात्र लागते, कारण पहिलेच पाऊल कंटाळवाणे आहे.

आक्षेप खरोखर घेतला गेला का?

वादात उतरण्यापूर्वी मूळ विधान शोधावे. ते कोणी केले, कोणत्या अधिकाराने केले, केव्हा केले आणि कोणत्या शब्दांत केले, या चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. ज्याने कोणत्याही धर्मपीठाचा निर्णय कधी वाचलेला नसतो, त्याच्याच तोंडी ‘धर्म याच्या विरुद्ध आहे’ हे वाक्य पुष्कळदा असते, मग तो त्या धर्माचा असो वा धर्माचा विरोधक असो.

प्रसूतिवेदना आणि क्लोरोफॉर्म यांची कथा या बाबतीत मासलेवाईक आहे. एडिंबरो येथील प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म वापरण्यास सुरुवात केली आणि पुढच्याच महिन्यात धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका छापली. बायबलच्या उत्पत्तिग्रंथात स्त्रीला वेदना सोसून मुले प्रसवावी लागतील असे वचन आहे, तेव्हा त्या वेदना कमी करणे हा देवाज्ञेचा भंग ठरतो, असा तो आक्षेप. सिम्प्सन यांनी त्याच ग्रंथातील दुसरा प्रसंग पुढे केला: आदामची बरगडी काढण्यापूर्वी देवाने स्वतःच त्याला गाढ झोप आणली होती. हे उत्तर इतके चटकदार होते की ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आणि धर्मगुरूंनी भूल देण्याला कडाडून विरोध केला होता, ही समजूत त्याबरोबर पक्की होत गेली. पुढे अभ्यासकांनी त्या काळातील लेखन धुंडाळले, तेव्हा धर्मसंस्थांचा संघटित विरोध त्यांना जवळजवळ आढळलाच नाही. सिम्प्सन यांनी मुख्यतः येऊ घातलेल्या आक्षेपाची तजवीज आधीच करून ठेवली होती.

खरा विरोध डॉक्टरांकडून आला. प्रसूतीच्या कळा शरीराला उपयुक्त असतात असे फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज यांच्यासारखे नामवंत प्रसूतितज्ज्ञ मानत होते. शिवाय भीतीलाही आधार होता, कारण जानेवारी १८४८ मध्येच पायाचे नख काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेत एक १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली होती. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपल्या प्रसूतीत जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला आणि वादाचा जोर ओसरला. ही कथा ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ म्हणून सांगणाऱ्याला त्या वादातील खरा मुद्दा, म्हणजे औषधाची मात्रा आणि जोखीम, दिसतच नाही.

याच्याही पलीकडे जाणारे उदाहरण बोस्टनचे आहे. १७२१ मध्ये तेथे देवीची साथ आली, सुमारे ५,९०० लोकांना लागण झाली आणि ८४४ जण मेले. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेखाली घालण्याची पद्धत वापरावी, असा आग्रह तेव्हा धरला तो कॉटन मॅथर या धर्मोपदेशकाने, आणि ती पद्धत त्याला ओनेसिमस या गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसाने सांगितली होती. विरोधाचे नेतृत्व विल्यम डग्लस यांच्याकडे होते आणि वैद्यकाची पदवी असलेले त्या शहरातील ते एकटेच डॉक्टर होते. झॅब्डिएल बॉयल्स्टन यांनी टोचलेल्या सुमारे २४० लोकांपैकी ६ जण दगावले, म्हणजे प्रमाण साधारण अडीच टक्के. नैसर्गिक लागण झालेल्यांत ते १४ टक्के होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एडमंड मॅसी या पाद्र्याने टोचणीला पाप ठरवणारे प्रवचन दिले, म्हणजे धार्मिक विरोध नव्हताच असेही म्हणता येत नाही. मात्र कोणी कोणत्या बाजूने उभे राहिले हे अंगावरच्या झग्यावरून ठरवता येत नाही.

मूळ विधान सापडले नाही, तर तपासणी तेथेच थांबवावी. न घेतलेल्या आक्षेपाचे खंडन करण्यात फार वेळ जातो, आणि ज्यांनी तो घेतलाच नव्हता ते मात्र दुखावले जातात.

आक्षेपाची जात ओळखावी

विधान हाती आले की ते कशाविषयी आहे हे पाहावे. माझ्या मते येथे पाच प्रकार पुरतात. काही आक्षेप जगाच्या रचनेविषयी असतात, काही एखाद्या कृतीच्या बऱ्यावाईटपणाविषयी, काही वापरलेल्या साधनाविषयी, काही ते साधन आणणाऱ्यावरच्या अविश्वासातून येतात, आणि काही माणसाने कोठे थांबावे याविषयी असतात. एकाच वाक्यात दोन-तीन प्रकार गुंतलेले असू शकतात; ते सुटे केल्याशिवाय उत्तर देऊ नये, कारण प्रत्येक प्रकाराला वेगळे उत्तर लागते आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला दिले की संभाषण तुटते.

जगाविषयीच्या आक्षेपाला पुराव्याने उत्तर देता येते. पृथ्वी फिरते की नाही, सजीवांच्या जाती बदलतात की नाही, विश्वाचे वय किती, हे प्रश्न निरीक्षणाने सुटतात. येथे विचारण्याजोगा प्रश्न असा, की कोणता पुरावा मिळाला तर आक्षेप घेणारा आपले मत बदलेल. कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी कार्डिनल बेलार्मिन यांनी १२ एप्रिल १६१५ च्या पत्रात या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते हे खरोखर सिद्ध झाले, तर धर्मग्रंथातील विरोधी भासणाऱ्या वचनांचा अर्थ लावताना फार सावध राहावे लागेल आणि सिद्ध झालेली गोष्ट खोटी म्हणण्यापेक्षा ती वचने आपल्याला कळली नाहीत असे म्हणावे लागेल, असा त्याचा आशय आहे. मात्र तशी सिद्धता आहे असे त्यांना वाटत नव्हते, आणि काटेकोर अर्थाने ती तेव्हा नव्हतीही. भरती-ओहोटीवरून गॅलिलिओ यांनी दिलेला पुरावा चुकीचा होता आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याच्या स्थानात दिसणारा सूक्ष्म फरक फ्रीडरिश बेसेल यांनी मोजला तो १८३८ मध्ये. तरीही १६१६ मध्ये कोपर्निकस यांच्या १५४३ च्या ग्रंथावर दुरुस्ती होईपर्यंत बंदी आली आणि १६३३ मध्ये गॅलिलिओ यांना शिक्षा होऊन १६४२ मध्ये मरेपर्यंत ते नजरकैदेत राहिले. हे समर्थनीय नव्हते. पुरावा अपुरा असेल तर तो अपुरा आहे असे म्हणण्याचा अधिकार सर्वांना असतो. मत मांडणाऱ्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. तपासणी करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

याच्या उलट बाजूचा मोहही ओळखावा. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते आणि भौतिकशास्त्रज्ञही होते. त्यांनी १९२७ मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाची मांडणी केली आणि १९३१ मध्ये विश्वाचा आरंभ एका आद्य अणूपासून झाला अशी कल्पना मांडली. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या या विज्ञानात सृष्टिकर्त्याची साक्ष पाहिली, तेव्हा अवघडले ते लमेत्र. त्यांच्या मते हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा होता. दुसरीकडे, ‘बिग बँग’ हे नाव ज्यांनी १९४९ मध्ये नभोवाणीवर प्रथम उच्चारले ते फ्रेड हॉइल नास्तिक होते आणि विश्वाला आरंभ असणे हेच त्यांना खटकत होते. विज्ञानातून धर्माला पाठिंबा काढणाऱ्याला आणि धर्माचा वास येतो म्हणून सिद्धांत नाकारणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: उद्या मोजमाप बदलले तर काय करणार?

कृतीविषयीचा आक्षेप पुराव्याने सुटत नाही, आणि विज्ञानवादी मंडळी सर्वाधिक वेळा अडखळतात ती येथेच. मानवी भ्रूण किती दिवसांचा असताना त्यात किती पेशी असतात हे सूक्ष्मदर्शक सांगतो, पण त्या पेशींना आपण काय देणे लागतो हे तो सांगत नाही. अशा आक्षेपाला ‘हे अवैज्ञानिक आहे’ असे उत्तर दिले की उत्तर देणाऱ्याने विज्ञानाच्या खात्यावर नसलेली रक्कम खर्च केलेली असते.

साधनाविषयीचे आक्षेप दिसतात मोठे आणि सुटतात लवकर. लसीत किंवा औषधाच्या कॅप्सूलमध्ये डुकराचे जिलेटिन असले की काही धर्मीयांना ते चालत नाही. अशा वेळी पर्यायी घटक शोधावा, किंवा जीव वाचवण्याच्या गरजेपुढे निषिद्ध वस्तूही चालते हे त्या धर्मातीलच तत्त्व जाणकारांकडून समजून घ्यावे. मलेशियाचे पहिले अंतराळवीर २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा तेथे साधारण दर ९० मिनिटांनी पृथ्वीप्रदक्षिणा होत असल्याने दिवसाला १६ सूर्योदय दिसत असताना नमाज केव्हा आणि कोणत्या दिशेने पढावा हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या देशातील धर्मज्ञांनी वेळेसाठी प्रक्षेपणस्थळ प्रमाण धरायला सांगितले आणि दिशेसाठी उतरता क्रम लावून दिला: जमेल तर काबा, नाहीतर त्याच्या वरची अवकाशातील जागा, नाहीतर पृथ्वी, नाहीतर तोंड जिकडे असेल तिकडे. यात कोठे संघर्ष नाही. धर्म आणि तंत्रज्ञान यांच्यातील बराचसा व्यवहार असाच मुकाट्याने चालतो आणि म्हणूनच तो बातमीत येत नाही.

अविश्वासाचा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण तो धर्माची भाषा बोलतो आणि त्याचे कारण इतिहासात असते. २००३ मध्ये उत्तर नायजेरियातील कानो राज्यात पोलिओची लस थांबवण्यात आली. ती मुलींना वांझ करण्यासाठी आणली आहे असा प्रवाद होता आणि धर्मनेत्यांनी त्याला बळ दिले होते. बाहेरून पाहणाऱ्यांनी त्यावर धर्मवेडाचा शिक्का मारला. पण त्याच कानोमध्ये १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत एका बहुराष्ट्रीय औषध कंपनीने सुमारे २०० मुलांवर नव्या प्रतिजैविकाची चाचणी घेतली होती, तिच्यात ११ मुले दगावली होती, आणि पालकांची रीतसर संमती घेतली होती का हा वाद न्यायालयांत गेला होता. लसीविषयीचा समज चुकीचाच होता, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली, कारण विषाणू तेथून आधी पोलिओमुक्त झालेल्या देशांत पसरला. तरीही तो समज ज्या जमिनीत रुजला ती जमीन धर्मग्रंथांनी तयार केलेली नव्हती. २००४ मध्ये लसीकरण पुन्हा सुरू झाले ते प्रवचनांचे खंडन करून नव्हे. लसीची नव्याने तपासणी झाली, ती इंडोनेशियासारख्या मुस्लिमबहुल देशातून मागवण्यात आली आणि स्थानिक नेत्यांना प्रक्रियेत घेण्यात आले. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. तेव्हा आक्षेपात धर्मवचन कमी आणि ‘ते लोक’ हा शब्दप्रयोग जास्त दिसला, तर त्या लोकांनी पूर्वी काय केले होते याची आधी चौकशी करावी.

उरला थांबण्याविषयीचा आक्षेप. त्यासाठी पुढची पायरी आहे.

देवाचे नाव बाजूला ठेवून आक्षेप पुन्हा लिहावा

‘माणसाने देवाच्या कामात ढवळाढवळ करू नये’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नव्या तंत्राला ऐकावे लागले आहे, आणि ते इतके सैल आहे की त्यावर हो किंवा नाही म्हणण्यात काही हशील नाही. अशा वेळी तेच वाक्य देवाचा उल्लेख न करता लिहून पाहावे. हे श्रद्धेची टवाळी म्हणून करायचे नाही. आक्षेप घेणाऱ्यालाच सोबत घेऊन, त्याच्या संमतीने शब्द निवडावेत. लिहून झाल्यावर काय उरते यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

जुलै १९७८ मध्ये शरीराबाहेर झालेल्या फलनातून पहिले मूल इंग्लंडमध्ये जन्मले, त्याआधी आणि नंतर घेतले गेलेले आक्षेप असे लिहून पाहिले तर त्यांचे दोन ढीग होतात. ‘हे निसर्गाच्या विरुद्ध आहे’ या आक्षेपाखाली फारसे काही उरत नाही, कारण चष्मा आणि शस्त्रक्रिया याही निसर्गाच्या विरुद्धच असतात. ‘ज्याच्यावर हा प्रयोग होतो त्या मुलाने संमती दिलेली नाही आणि त्याला इजा झाली तर ती परत घेता येणार नाही’ हे मात्र उरते आणि ते त्या वेळी वजनदार होते. त्या तंत्राने आजवर एक कोटीहून अधिक मुले जन्माला आली, तेव्हा त्या विशिष्ट बाबतीत भीती बव्हंशी निवळली. पण निवळली ती अनुभवाने, ती मुळातच मूर्खपणाची होती म्हणून नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘हे च्यानख्वेइ’ नावाच्या चिनी संशोधकाने जनुके संपादित केलेल्या भ्रूणांपासून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी घेतलेला आक्षेप हाच होता: बदल पुढच्या पिढ्यांत उतरणारा, परिणाम पुरते माहीत नसलेले, गरज संशयास्पद आणि संमती प्रक्रिया सदोष. त्याला तीन वर्षांची कैद झाली. श्रद्धाळू माणूस ज्याला देवाचे क्षेत्र म्हणतो आणि शास्त्रज्ञ ज्याला परत न फिरवता येणारी जोखीम म्हणतो, त्यांची हद्द येथे पुष्कळशी एकच निघाली.

धार्मिक आक्षेप कधी काळाच्या पुढेही असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘निकृष्ट’ माणसांची पैदास थांबवून मानववंश सुधारण्याचा विचार, म्हणजे सुप्रजनन, अनेक देशांत प्रगत विज्ञान म्हणून मिरवत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीला आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली आणि त्या देशात अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली. विरोधी मत देणारे एकमेव न्यायमूर्ती पिअर्स बटलर हे त्या न्यायालयातील कॅथलिक होते. त्यांनी कारणे लिहिली नाहीत, त्यामुळे मत श्रद्धेतूनच आले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण १९३० मध्ये पोप अकरावे पायस यांनी अशा नसबंदीला उघड विरोध केला, हे लेखी आहे. त्याच काळात स्वतःला उदारमतवादी म्हणवणारे कित्येक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक सुप्रजननाच्या बाजूने प्रवचने देत होते, हेही तितकेच लेखी आहे. म्हणून आक्षेप धार्मिक आहे एवढ्यावरून तो मागासलेला ठरवू नये आणि पवित्रही ठरवू नये.

देव काढल्यावर काहीच उरले नाही तर? तो आक्षेप निव्वळ श्रद्धेचा आहे असे समजावे. त्याचा मान ठेवण्याची रीत सोपी आहे: तो मानणाऱ्यावर ते तंत्र लादू नये, आणि न मानणाऱ्याला त्याने अडवू नये. लहान मुलांच्या उपचारांचा प्रश्न आला की ही सोपी रीत अवघड होते, कारण तेथे श्रद्धा एकाची आणि जीव दुसऱ्याचा असतो. अशा वेळी जीव वाचवण्याकडे झुकावे, असे माझे मत आहे आणि अनेक देशांतील न्यायालयांचाही कल तोच आहे.

त्याच धर्मात दुसरे मत शोधावे

हे काम एका दुपारीही होते आणि त्याने डोळे उघडतात. शरीराबाहेरील फलनाला व्हॅटिकनने १९८७ च्या सूचनापत्रात नकार दिला. कैरोच्या अल-अझहर या सुन्नी धर्मपीठाने त्याआधीच, १९८० मध्ये, विवाहित जोडप्याच्याच बीजपेशी वापरल्या जात असतील तर ते चालेल असे सांगितले होते. दात्याच्या बीजपेशींना सुन्नी धर्मज्ञांचा सर्वसाधारण विरोध राहिला, तर इराणच्या सर्वोच्च नेत्याने १९९९ मध्ये काही अटींवर त्यांना मोकळीक दिली. मेंदूमृत्यूची वैद्यकीय व्याख्या हार्वर्डच्या समितीने १९६८ मध्ये मांडली, पण कृत्रिम श्वासावर ठेवलेला रुग्ण मेला कधी म्हणायचे हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, असे बाराव्या पायस पोपने भूलतज्ज्ञांपुढे १९५७ मध्येच सांगितले होते. ‘धर्म काय म्हणतो’ ऐवजी ‘या धर्मातील कोण, केव्हा, काय म्हणाले’ असा प्रश्न टाकला की संभाषणात जागा होते.

भविष्याच्या आश्वासनालाही तेच प्रश्न विचारावेत

ही पायरी बहुतेक तपासण्यांत गाळली जाते. मरणावर मात, यंत्रात उतरवलेले मन, सर्व दुःखांचा अंत करणारी बुद्धिमत्ता, ही आश्वासने विज्ञानाच्या वेषात येत असली तरी त्यांतील पुष्कळ भाग आजच्या विज्ञानाने सिद्ध केलेला नाही. तो आशेचा भाग आहे. त्यांची वंशावळही पाहण्याजोगी आहे. १९०३ मध्ये वारलेले रशियन विचारवंत निकोलाय फ्योदोरोव हे कट्टर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते आणि विज्ञानाने सर्व मृत पूर्वजांना पुन्हा जिवंत करणे हे मानवजातीचे कर्तव्य आहे असे मानत होते. अंतराळप्रवासाचे गणित मांडणारे त्सिओल्कोव्स्की तरुणपणी मॉस्कोच्या ग्रंथालयात त्यांच्या सहवासात आले होते. मानवी मर्यादा तंत्रज्ञानाने ओलांडण्याच्या विचाराला ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ हे नाव रूढ केले ते जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी १९५७ मध्ये, आणि ‘प्रकटीकरणाविना धर्म’, म्हणजे दैवी साक्षात्कारावर न टेकलेला धर्म, ही त्यांची जुनी आवड होती.

म्हणून आश्वासन देणाऱ्यालाही विचारावे: हे विधान जगाविषयी आहे की इच्छेविषयी? कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही ते मागे घ्याल? लाभ कोणाला, जोखीम कोणाला, आणि चूक झाली तर ती परत फिरवता येईल का? या प्रश्नांना ‘प्रगती थांबवता येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते दैववादाचेच एक रूप आहे हे नम्रपणे दाखवून द्यावे. प्रगती थांबवता येते आणि शास्त्रज्ञांनी ती स्वतः थांबवलीही आहे. निरनिराळ्या जीवांचे डीएनए जोडण्याचे काही प्रयोग त्यांनी १९७४ मध्ये आपणहून स्थगित केले आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे एकत्र बसून सुरक्षिततेचे नियम ठरवून मगच पुढे नेले.

तिसरी वाट आहे का, ते पाहावे

काही आक्षेप मान्य करावे लागत नाहीत आणि धुडकावावेही लागत नाहीत, कारण त्यांना वळसा घालता येतो. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाने १९४५ पासून रक्त चढवून घेणे निषिद्ध मानले. ह्यूस्टनचे डेंटन कूली आणि त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांवर रक्त न देता केलेल्या ५४२ हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांचा अहवाल १९७७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि रक्तस्राव कमी करण्याच्या अशा तंत्रांचा उपयोग पुढे इतर रुग्णांनाही झाला. भ्रूणापासून मूलपेशी, म्हणजे शरीरातील निरनिराळ्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, काढण्यावरून वाद पेटलेला असताना शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींना मागे वळवून भ्रूणपेशींसारखे बनवले. त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा आक्षेपामुळेच नवा मार्ग सापडला असे म्हणणारे पुष्कळ निघाले.

हे अर्धेच खरे आहे. यामानाका यांनी कोणती जनुके तपासायची हे ठरवले ते भ्रूणातून मिळालेल्या मूलपेशींच्या अभ्यासावरून, आणि नव्या पेशींची पारख करण्यासाठी तुलनेला त्याच मूलपेशी लागल्या. वळशाचा रस्ताही ज्या कामाला हरकत होती त्यावरच बांधलेला होता. तेव्हा पर्याय सुचवताना तो कशावर उभा आहे हे उघड सांगावे; ते झाकले आणि नंतर कळले, तर मिळालेला विश्वास जातो.

बैठक बसवताना

एवढी तयारी झाली की मगच समोरासमोर बसावे, आणि बसण्याआधी काय ठरवायचे आहे हे ठरवावे. ‘विज्ञान श्रेष्ठ की धर्म’ हा बैठकीचा विषय होऊ शकत नाही. ‘या रुग्णालयात मेंदूमृत घोषित करण्यापूर्वी कुटुंबाला किती वेळ द्यावा’ हा होऊ शकतो. आक्षेप आधी तो घेणाऱ्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवावा आणि त्याने ‘होय, हेच म्हणायचे आहे’ असे म्हटल्यावरच उत्तराला सुरुवात करावी. धर्मग्रंथातील वचनांचे अर्थ बाहेरच्याने लावू नयेत. सिम्प्सन यांना ते शोभले, कारण ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते.

वापराच्या अटी ठरवण्यासाठी अमेरिकेतील आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाची पद्धत पाहावी, जिची बाहेर उगाच थट्टा होते. टेलिफोन आला तेव्हा त्यांच्यापैकी अनेक गटांनी १९१० च्या सुमारास तो घरात घेण्यास मनाई केली, पण पुढे रस्त्याकडेच्या सामायिक खोपटातील फोन चालू दिला. त्यांचा प्रश्न यंत्र चांगले की वाईट असा नव्हता. ते घरात आले तर शेजाऱ्याकडे जाणे थांबेल का, असा होता. उत्तर त्यांचे आपण घेण्याची गरज नाही, पण प्रश्न घेण्याजोगा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीबरोबर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी नैतिक तत्त्वांच्या आवाहनावर सह्या केल्या आणि पुढे ज्यू व मुस्लिम प्रतिनिधीही त्यात आले. सह्यांनी यंत्रे सुधारत नाहीत हे खरे. पण बैठक बसली आहे.

शेवटी जी मर्यादा ठरेल तिच्याबरोबर तिचे कारणही लिहावे. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये मानवी भ्रूणावरील संशोधनाला १४ दिवसांची मुदत सुचवली आणि १९९० मध्ये ती कायद्यात आली. साधारण त्या दिवसानंतर भ्रूणात शरीराचा अक्ष ठरवणारी रेषा उमटते आणि एकाचे दोन होण्याची शक्यता संपते, हे त्यामागचे कारण होते. मर्यादा सहज मान्य झाली याचे दुसरे कारण असे, की त्या काळी प्रयोगशाळेत भ्रूण इतके दिवस टिकवताच येत नसे. जेथे कोणी पोहोचू शकत नव्हते तेथे कुंपण घातले गेले होते. २०१६ मध्ये दोन संशोधनगटांनी ते १२ ते १३ दिवसांपर्यंत वाढवले आणि नियमाखातर थांबवले. लगेच वाद पुन्हा उघडला, आणि २०२१ मध्ये मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १४ दिवसांपलीकडील काम आपल्या निषिद्ध यादीतून काढून कडक छाननीच्या सदरात टाकले. ज्यांनी आकडा तडजोड म्हणून स्वीकारला होता त्यांना हा शब्दभंग वाटला, आणि ज्यांनी तो तात्पुरता मानला होता त्यांना तो उशीर वाटला. म्हणून आपल्या मसुद्यात आकडा घालताना तो कोणत्या कारणाने निवडला, कोणती तांत्रिक परिस्थिती बदलली तर तो पुन्हा विचारात घ्यायचा आणि त्या वेळी बैठकीला कोणाकोणाला बोलवायचे, या तीन गोष्टी त्याच पानावर, आकड्याच्या शेजारीच, सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवाव्यात.